मोटर खरंच बंद झाली का? घरगुती ऑटोमेशनचं हार्डवेअर, सुरुवात पाण्याच्या टाकीपासून

मोबाइलवर मोटर बंद दिसत होती. गच्चीवरची टाकी मात्र भरून वाहत होती आणि शेजाऱ्यांच्या छज्जावर पाणी धो धो पडत होतं. जिन्याखालचा मेन खाली ओढला तेव्हा कुठे मोटर थांबली. डबा उघडून पाहिला तर ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट’ असं ठळक छापलेला तो निळा, ठोकळ्यासारखा रिले, म्हणजे चिपच्या इशाऱ्यावर मोटर चालू-बंद करणारा स्विच, आतून चिकटला होता. चिपने इमानेइतबारे ‘बंद’ सांगितलं होतं, ॲपनेही तेच दाखवलं, पण रिलेच्या आतले पॉइंट वितळून एक झाले होते.

चूक माझीच होती. रिलेवरचा तो आकडा बल्ब, हीटर अशा सरळ लोडचा असतो. एक एचपीची मोटर म्हणजे ७४६ वॅटचं काम. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर ती चालताना साधारण सहा ते आठ अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाचसहा पट ओढते. बंद होताना ठिणगी पडते ती वेगळीच. दोन महिने टिकला हेच नवल.

म्हणून हा लेख रंगीत दिव्यांपासून सुरू करत नाही. खाली हौद, वर टाकी आणि मधे मोटर असलेल्या घरात सगळ्यात उपयोगी ऑटोमेशन हेच, आणि चुकलं तर सगळ्यात महागात पडणारंही हेच. मोटर नीट बसवता आली की दिवे, पंखे किरकोळ वाटतात. पुढचं सगळं साध्या मोनोब्लॉक मोटरबद्दल आहे, जी एका स्विचवर चालू आणि बंद होते. बोअरमधल्या पाणबुडी मोटरच्या पॅनलमध्ये चालू-बंदची वेगळी बटणं आणि कपॅसिटर असतात. तिथे जोडणी बदलते, हीच पद्धत जशीच्या तशी लावू नका.

आणखी एक. २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्या किंवा निदान तपासून घ्या. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर ऑटोमेशनचं सामान आणण्याआधी तो बसवा. अर्थिंग खरंच आहे का, हेही त्याच फेरीत बघून घ्या. जुन्या घरांत हिरवी वायर बोर्डापर्यंत येते आणि पुढे कुठेच जात नाही, असं मी स्वतः पाहिलंय.

सामान

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, नाहीतर ऑनलाइन. पण सामान दोन वेगळ्या प्रकारच्या दुकानांतून घ्यावं लागतं, हे आधीच सांगतो. चिप, सेन्सर वगैरे इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे मिळतं. कॉन्टॅक्टर (मोटरसारखा जड लोड ओढणारा मोठा रिले), एमसीबी, ओव्हरलोड रिले (मोटरने जास्त करंट घेतला की तोडणारा) हे मोटर पॅनल बनवणाऱ्यांच्या दुकानात. माझ्यासारखे हौशी लोक पहिल्या दुकानातच सगळं उरकायला जातात आणि फसतात.

मेंदू म्हणून ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपचा डेव्हलपमेंट बोर्ड घ्या. सोबत स्क्रू टर्मिनलवाला बेस बोर्ड घ्याच, कारण टोचून लावलेल्या जंपर वायरी मोटरच्या थरथरीने वर्षभरात ढिल्या होतात. जुना ईएसपी८२६६ इथे चालला असता, पण त्याच्या वापरण्याजोग्या पिना कमी आणि त्यातल्या काही चालू होताना उगाच हाय होतात, म्हणजे त्यांच्यावर व्होल्टेज येतं. मोटरच्या बाबतीत असला विनोद नको.

मोटर ओढायला कॉन्टॅक्टर. कॉइल २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. इथे नीट वाचा: डब्यावर मोठ्या अक्षरात २५ अँपिअर लिहिलेलं असतं ते बहुधा एसी-१ किंवा एसी-७ए म्हणजे हीटरसारख्या लोडचं रेटिंग असतं. मोटरसाठी एसी-३ किंवा एसी-७बी समोरचा आकडा बघायचा. एक एचपीला एसी-३ मध्ये १२ अँपिअरचा घेतला की निवांत. तो निळा रिले आता फक्त या कॉन्टॅक्टरची कॉइल चालवणार, आणि तेवढं काम तो वर्षानुवर्षं करतो. रिले मॉड्यूल पाच व्होल्टचं आणि हाय लेव्हल ट्रिगरचं, म्हणजे पिन हाय झाली तरच ओढणारं, घ्या.

त्याशिवाय मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला लावता येईल असा थर्मल ओव्हरलोड रिले, सी कर्व्हचा १६ अँपिअरचा एमसीबी (मोटरकडे जाणारी वायर २.५ चौरस मिलिमीटरची आहे हे धरून), तीन जागांचा सिलेक्टर स्विच, पाच व्होल्टचा बंदिस्त पॉवर सप्लाय, तीन फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून संपर्क जोडणारे-तोडणारे) आणि हे सगळं मावेल असा डिन रेलचा, म्हणजे आत सामान अडकवायची पट्टी असलेला डबा. मोबाइलचा चार्जर उघडून टेपने गुंडाळून ठेवण्याचा मोह होईल. करू नका, जिन्याखाली ओल असते.

सेन्सरबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथेच सगळे भुलतात. अल्ट्रासॉनिक सेन्सर टाकीत किती टक्के पाणी आहे ते दाखवतो, स्क्रीनवर छान निळी पट्टी वरखाली होते. पण तो आवाजाच्या वेगावर चालतो आणि तो वेग तापमानाबरोबर बदलतो: २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४५ अंशांना सुमारे ३५८. मे महिन्यात काळ्या टाकीच्या झाकणाखाली काय तापमान असेल याचा अंदाज करा. शिवाय थंडीत सकाळी सेन्सरच्या तोंडावर वाफेचे थेंब जमतात आणि तो काहीबाही आकडे देतो. उघड्या जाळीचा स्वस्त प्रकार तर टाकीत टिकतच नाही. बंद तोंडाचा, वायरवाला प्रकार टिकतो, पण त्याला समोरचे सुमारे २०-२५ सेंटिमीटर दिसतच नाहीत. म्हणजे टाकी काठोकाठ येते नेमका तेव्हाच तो आंधळा. हौस म्हणून लावा, मीही लावलाय. पण मोटर बंद करायची की नाही हे ठरवायला साधा फ्लोट. पाणी चढलं की तरंगणार, संपर्क तुटणार, विषय संपला.

जोडणी

पहिली पायरी, मोटरची मुख्य वाट. एमसीबीतून कॉन्टॅक्टर, कॉन्टॅक्टरमधून ओव्हरलोड रिले, तिथून मोटर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही कॉन्टॅक्टरमधून तोडा. ओव्हरलोड रिले तीन पोलचा मिळतो आणि आपली मोटर सिंगल फेज. एक पोल रिकामा सोडला तर फेज गेल्याचं समजून काही रिले उगाच ट्रिप होतात. म्हणून फेज पहिल्या पोलमधून नेऊन परत दुसऱ्या पोलमधून फिरवायची आणि न्यूट्रल तिसऱ्यातून. वायरमनला हे माहीत असतं, आपल्याला नसतं.

दुसरी पायरी, कॉइलची वाट. एमसीबीनंतरची फेज ओव्हरलोड रिलेच्या ९५ आणि ९६ या संपर्कांतून सिलेक्टर स्विचला आणा. स्विचच्या तीन जागा: हात, बंद, ऑटो. ‘हात’वर फेज थेट कॉइलला. ‘ऑटो’वर फेज आधी निळ्या रिलेच्या संपर्कातून आणि मग कॉइलला. हा सिलेक्टर दोनतीनशे रुपयांचा असेल, पण सगळ्या डब्यात माझा सगळ्यात आवडता भाग तोच. चिप जळो, राउटर बंद पडो, मी परगावी असो, आई जिन्याखाली जाऊन ‘हात’वर फिरवते आणि मोटर पूर्वीसारखी चालते. फक्त ‘हात’वर फ्लोट काही करत नाहीत, मोटर पूर्वीसारखी आठवणीने बंद करायची, हे घरच्यांना सांगून ठेवा.

कॉइलच्या दोन टोकांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर, म्हणजे झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, लावा. त्यातला कपॅसिटर एक्स२ प्रकारचा, २७५ व्होल्टचा हवा. हा नसला तर कॉन्टॅक्टर सुटताना जो झटका बसतो त्याने ईएसपी३२ रीसेट होतो. मग तुम्ही दोन रात्री सॉफ्टवेअरमधली चूक शोधत बसता.

तिसरी पायरी, फ्लोट. गच्चीवर २३० व्होल्ट न्यायचे नाहीत. पाण्याच्या टाकीत तर नाहीच नाही. मग चिप अडकली तरी टाकी भरल्यावर मोटर बंद कशी होणार? यासाठी निळ्या रिले मॉड्यूलचा पाच व्होल्टचा पुरवठाच फ्लोटमधून फिरवायचा. सप्लायचे पाच व्होल्ट आधी गच्चीवरच्या वरच्या फ्लोटला, तिथून परत येऊन हौदातल्या फ्लोटला, आणि तिथून रिले मॉड्यूलच्या पुरवठ्याच्या टोकाला. वरचा फ्लोट टाकी भरल्यावर उघडणारा, हौदातला हौद रिकामा झाल्यावर उघडणारा. दोन्हींपैकी एक जरी उघडला तरी रिलेला वीजच नाही, मग चिपचं काहीही म्हणणं असो. उंदराने वायर कुरतडली तरी परिणाम तोच, मोटर बंद. ईएसपी३२ ला मात्र स्वतःचे पाच व्होल्ट थेट सप्लायवरून द्या.

पंधरा मीटर वायर वर जाऊन परत आली तरी रिलेच्या ७० मिलिअँपिअरला व्होल्टेजची घट नगण्य असते. बाहेर वापरायची कॅट-६ केबलही चालते. पाइप वेगळा घ्या, २३० व्होल्टच्या वायरीबरोबर एकाच पाइपात ही वायर ओढू नका. टाकीच्या भोकाला ग्लँड लावा आणि वायरला खाली एक झोका द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न येता तिथेच ठिबकतं.

फ्लोट घेतल्यावर मल्टिमीटरच्या बीपवर लावून हाताने वरखाली करून पाहा. वायरवाल्या फ्लोटमध्ये तीन रंगांच्या वायरी असतात आणि कोणत्या दोन घ्यायच्या हे पाकिटावरच्या चित्रापेक्षा बीप जास्त खरं सांगते.

चौथी पायरी, चिपला हे सगळं दिसायला हवं. वरच्या फ्लोटनंतर एक आणि हौदाच्या फ्लोटनंतर एक अशा दोन ठिकाणांहून वायर घ्या. तिथे पाच व्होल्ट आहेत आणि ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्टची, म्हणून मधे १० आणि २० किलोओहमच्या रेझिस्टरची जोडी लावून व्होल्टेज खाली आणा. पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला, म्हणजे चिपच्या जीएनडी टोकाला, घराच्या अर्थिंगला नव्हे. तिसरा फ्लोट टाकीच्या निम्म्याखाली, ‘आता भर’ सांगणारा. तो पाणी उतरल्यावर जुळणारा ठेवा आणि पिनला ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरने ३.३ व्होल्टला ओढून घ्या. इथेही वायर तुटली तर ‘भरायची गरज नाही’ असंच वाचलं जातं.

पिना निवडताना २५, २६, २७, ३२, ३३ या सरळमार्गी. ६ ते ११ मेमरीच्या आहेत, हात लावू नका. ०, २, ५, १२, १५ चालू होताना चिप स्वतः वाचते, त्या टाळा. ३४ च्या पुढच्या फक्त वाचू शकतात आणि त्यांना आतला पुल-अप नसतो. माझा पहिला बोर्ड बारा नंबरच्या पिनेमुळे कधी सुरू व्हायचा, कधी नाही. मी आठवडाभर पॉवर सप्लायला शिव्या देत होतो.

जमलं तर पाचवी पायरी: मोटरच्या फेजवर करंट मोजणारं पीझेम-००४टी मॉड्यूल. कडं फक्त मोटरच्या फेजभोवती घाला, आणि मॉड्यूल ते चिप यांच्यामध्ये लेव्हल शिफ्टर लावा. याचे दोन फायदे. मोटर कोरडी फिरत असेल तर करंट नेहमीपेक्षा स्पष्ट खाली येतो. आणि ‘बंद’ सांगूनही करंट वाहत असेल तर कॉन्टॅक्टर चिकटलाय, तेव्हा मोबाइलवर बोंब मारता येते. पहिल्या परिच्छेदातला प्रसंग पुन्हा घडला तर निदान शेजाऱ्यांच्या आधी मला कळेल.

चिपमध्ये काय घालायचं

मी ईएसपीहोम वापरतो, या चिपांचं सॉफ्टवेअर बनवून देणारं साधन. पहिल्यांदा यूएसबीने भरायचं, नंतर वायफायवरून. पहिल्याच वेळी संगणकाला बोर्ड दिसला नाही तर केबल बदलून बघा. घरातल्या निम्म्या केबली फक्त चार्जिंगच्या असतात, डेटा नेतच नाहीत. ईएसपी३२ ला २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय कळतं. आणि डबा बसवायच्या जागी सिग्नल मोजा. उणे ७० डीबीएमच्या आसपास ठीक, उणे ८० च्या खाली गेला तर जिन्याखाली रेंज नाही असं समजा आणि राउटर हलवा.

मोटरचं सगळं तर्कशास्त्र चिपमध्येच लिहा. होम असिस्टंटच्या, म्हणजे घरातली सगळी उपकरणं एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सर्व्हरवर नको. सर्व्हरने बघावं, कळवावं, एखाद वेळी आज्ञा द्यावी, पण वायफाय गेलं म्हणून टाकी वाहू नये.

लिहायचं ते असं. वीज आल्यावर रिले नेहमी बंद अवस्थेतच सुरू व्हावा, मागची अवस्था आठवून पुन्हा चालू होऊ नये. खालच्या फ्लोटने सलग पाच सेकंद ‘भर’ सांगितलं तरच मोटर सुरू करायची, कारण पाणी हेलकावतं. वरच्या फ्लोटला मात्र असा थांबा अजिबात द्यायचा नाही. तो एकदा उघडला की त्याच क्षणी चिपने रिले सोडायचा आणि पुढची दहा मिनिटं पुन्हा घ्यायचा नाही. तसं केलं नाही तर काठावरच्या लाटांबरोबर फ्लोट उघडझाप करतो आणि कॉन्टॅक्टर टकटक वाजत राहतो.

कमाल वेळही लावा. घड्याळ लावून टाकी एकदा रिकामीपासून पूर्ण भरा. माझी हजार लिटरची २५ मिनिटांत भरते, म्हणून मर्यादा ३८ मिनिटं. तेवढ्यात वरचा फ्लोट उघडला नाही तर कुठेतरी गळती आहे किंवा फ्लोट अडकलाय, तेव्हा बंद आणि मोबाइलवर निरोप. करंट मोजत असाल तर सुरू झाल्यावर एका मिनिटाने बघायचं: नेहमीच्या आकड्यापेक्षा बराच कमी असेल तर हवा पकडली आहे, बंद. ‘बराच’ म्हणजे किती, ते तुमच्या मोटरवर मोजूनच ठरवा.

एक छुपी गोष्ट. ईएसपीहोमचा सर्व्हरशी संपर्क १५ मिनिटं झाला नाही तर चिप स्वतःला रीस्टार्ट करते, मूळ सेटिंग तसंच असतं. वायफाय तुटल्यावरही तेच. मोटर चालू असताना हे झालं तर भरणं अर्धवट. दोन्ही ठिकाणी ही मुदत शून्य करून टाका.

मोटर जोडण्याआधी

कॉन्टॅक्टरच्या पुढे मोटरऐवजी साधा बल्ब लावा आणि टेबलावर छळ सुरू करा. वरचा फ्लोट हाताने उचला. बल्ब लागलेला असताना फ्लोटची वायर टर्मिनलमधून उपटा. राउटर बंद करा. एमसीबी पाडून परत चढवा. लाइट गेल्यावर येते तशी, दोनतीनदा पटापट. बल्ब लागलेला असताना चिपची केबल काढा. शेवटी चिपला ‘चालूच राहा’ असं सांगून फ्लोट उचला, म्हणजे अडकलेल्या चिपची नक्कल होते. राउटर बंद केल्यावर काहीच फरक पडता कामा नये. बाकी दरवेळी बल्ब विझला पाहिजे किंवा विझलेला राहिला पाहिजे. एकदाही चुकलं तर मोटर जोडायची नाही.

मोटर जोडल्यावर पहिला आठवडा टाकी भरताना घरात थांबा. ओव्हरफ्लोचा पाइप काढू नका, ऑटोमेशन झालं म्हणून बुजवणारे लोक मला भेटलेत.

बाकीचं घर, थोडक्यात

आपल्याकडे बहुतेक स्विचबोर्डांत एक प्लग असतो, म्हणून न्यूट्रल तिथपर्यंत आलेला असतो. ही मोठी सोय आहे, बोर्डामागे बसणारी छोटी वायफाय मॉड्यूल त्यामुळे सहज चालतात. घेताना बटणाने पूर्वीसारखं चालू-बंद करता येतं ना, एवढं बघा. भिंतीतली पेटी लोखंडी असेल तर रेंज मार खाते. गीझर, एसीवर असली छोटी मॉड्यूल नकोत, तिथे पुन्हा कॉन्टॅक्टर.

बीएलडीसी पंख्याला (कमी विजेवर चालणारा, रिमोटवाला) रेग्युलेटर किंवा डिमर लावायचा नाही. त्याचा रिमोट इन्फ्रारेडचा असेल तर इन्फ्रारेड ब्लास्टरला (रिमोटसारखेच इशारे पाठवणारी डबी) ते इशारे शिकवून घ्या, एसीलाही तोच उपयोगी पडतो.

माणूस आहे की नाही हे ओळखणारा पीआयआर सेन्सर शरीराच्या आणि आसपासच्या तापमानातल्या फरकावर चालतो. नागपुरात मे महिन्यात दुपारी तो तुम्हाला ओळखायचा नाही. २४ गिगाहर्ट्झचे एलडी२४१० सारखे रडार सेन्सर स्थिर बसलेला माणूसही पकडतात, पण फिरता पंखा आणि हलणारा पडदाही पकडतात. सीलिंग फॅनच्या टप्प्यात लावू नका.

बॅटरीवरच्या दरवाजाच्या, तापमानाच्या सेन्सरसाठी वायफायपेक्षा झिगबी ही कमी वीज खाणारी बिनतारी पद्धत बरी, एका सेलवर महिनोन्‌महिने जाते. त्याचा डोंगल संगणकाच्या यूएसबी ३ च्या पोर्टला चिकटवून लावू नका. त्या पोर्टचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झवर येतो. मीटरभर एक्स्टेन्शन केबल लावली की ‘झिगबी बेकार आहे’ ही तक्रार बऱ्याचदा तिथेच मिटते.

होम असिस्टंटला रास्पबेरी पाय ४ किंवा जुना लॅपटॉप पुरतो. मेमरी कार्डवर नको, सततच्या नोंदींनी कार्ड झिजतं, एसएसडी लावा. तो आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

शेवटचं काम कागदाचं. कोणती वायर कुठून कुठे गेली, ते हाताने काढून डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवा. एमसीबीवर मार्करने ‘टाकीची मोटर’ लिहा, सिलेक्टरच्या तीन जागांवर हात, बंद, ऑटो. बिघाड तुम्ही परगावी असतानाच होतो आणि डबा उघडणारा वायरमन दुसराच कुणीतरी असतो.